नणंदेने मागितलेलं बाळ

आकानेसी द्राक्षाचा घड उचलते आणि काट्यावर ठेवायच्या आधीच वजन सांगते. "पाचशे वीस." काट्यावर पाचशे वीसच येतात, फार तर पाचशे पंधरा. शेडमध्ये नव्याने आलेल्या पोरी पहिल्या आठवड्यात तिच्याशी पैज लावतात आणि दुसऱ्या आठवड्यात आपल्या डब्यातला केक मुकाट्याने तिच्या पुढ्यात ठेवतात. नऊ हंगाम मी तिच्या शेजारच्या टेबलावर द्राक्षं भरते आहे. फेब्रुवारीतल्या त्या एका गुरुवारी मात्र तिने सकाळपासून अकरा घड चुकवले. त्यातला एक तर तिने चारशे म्हटला आणि निघाला सातशेचा.

"बरं वाटत नाहीये का?" मी विचारलं.

"अहवाल आला," ती म्हणाली. "लोसाचा."

"काय म्हणतात?"

"तेच तर कळलं नाही. बाईने तीनदा सांगितलं. तिन्ही वेळा वेगळं वाटलं."

लोसा म्हणजे तिची मुलगी, चार वर्षांची. दीड वर्षाची असताना तिचा श्वास धावायला लागला. इथल्या, रॉबिनवेल गावच्या डॉक्टरांनी आधी दमा म्हटलं, मग न्यूमोनिया, मग पुन्हा दमा. शेवटी मेलबर्नच्या मुलांच्या इस्पितळात छातीचं स्कॅन काढलं आणि एक लांबलचक नाव हातात दिलं. त्या नावाचा अर्थ आकानेसी असा सांगते: "फुप्फुसाला आतून जे तुळतुळीत लागतं ना, ते तिच्यात नीट बनत नाही. फुगा आतून चिकट असला तर फुगवताना कसं होईल, तसं." तेव्हापासून त्यांच्या घरात सोफ्यामागे प्राणवायूचं यंत्र घुरघुरत असतं. त्याची नळी पंधरा मीटरची. लोसा नाकात नळी घेऊन घरभर फिरते, आणि मागच्या दाराच्या एक पाऊल अलीकडे अडते.

हा आजार इतका क्वचित की डॉक्टरांनाही खात्री देता येईना. म्हणून जनुकांची चाचणी करायची ठरली. मुलीची, आईची आणि बापाची. हे ठरलं आणि नेमक्या त्याच महिन्यात, नोव्हेंबरात, टोंगाहून सुलिएती आली.

सुलिएती ही माकाची, म्हणजे आकानेसीच्या नवऱ्याची, सगळ्यांत थोरली बहीण. लोसाची आत्या. आपल्याकडे आत्याला बारशात मान मिळतो, आणि एरवी ती पाहुणी असते. या टोंगाच्या लोकांत आत्या म्हणजे मेहेकितांगा, घरातली सगळ्यांत वरची. भावाच्या मुलांवर भावापेक्षा तिचा शब्द चालतो. ती यायची म्हटल्यावर माकाने आपली खाट सोडली आणि तो बैठकीत जमिनीवर झोपायला लागला. ती घरातल्या ज्या वस्तूकडे दुसऱ्यांदा बघेल ती बांधून द्यायची. मागच्या खेपेला आकानेसीचं शिवणाचं यंत्र असंच बोटीत चढलं होतं. या खेपेला आकानेसीने नवा मिक्सर कपाटात लपवला होता.

बाई वाईट नव्हती. पन्नाशी ओलांडलेली, अंगाने भरलेली, चार पायऱ्या चढली की कठड्याला धरून उभी राहणारी. "चुलीच्या धुराने छाती गेली माझी," ती म्हणायची. आली त्या दिवशी लोसाकडे बघून म्हणाली, "ही नळीच चघळत बसते, रताळं कधी चघळणार?" आणि रताळं कुस्करून, नारळाचं दूध घालून तिने ते लोसाला घासाघासाने भरवलं. लोसाने अख्खी वाटी संपवली. आकानेसीला त्यासाठी अर्धा तास कार्टून लावावं लागायचं.

मेलबर्नला जायचं तेव्हा सुलिएती येणार हे गृहीतच होतं. सहा तासांचा रस्ता. माका गाडी चालवतोय, शेजारी त्याची बहीण, मागे आकानेसी, लोसा, प्राणवायूची नळकांडी आणि अळूच्या पानांत नारळाच्या दुधासकट भाजलेल्या खाऱ्या मांसाचा डबा. आकानेसीला नुकतेच दिवस गेले होते. ते तिने अजून फक्त माकाला सांगितलं होतं, त्यामुळे त्या डब्याच्या वासाने पोटात ढवळत असूनही तिला "वा, काय सुंदर वास" असं दोनदा म्हणावं लागलं.

इस्पितळातल्या बाईचं नाव ब्रॉनविन. तिचं काम डॉक्टरकीचं नाही, जनुकांचं समजावून सांगायचं. गोड बाई. टेबलावर कोरा कागद, हातात पेन्सिल. बायकांसाठी गोल काढायची, पुरुषांसाठी चौकोन.

"माका, तुमची भावंडं किती?"

"सात."

"सगळी हयात आहेत?"

"हो. एक न्यूझीलंडला आहे."

"म्हणजे हयातच आहे," आकानेसी म्हणाली. ब्रॉनविन हसली.

मग ब्रॉनविनने विचारलं, "तुमच्या घराण्यात कुणाला लहानपणापासून श्वासाचा त्रास? कुणाचं तान्हं बाळ गेलंय? किंवा पोटात असतानाच?"

माकाने मान खाली घातली. सुलिएती खिडकीतून खालच्या ट्रामकडे बघायला लागली.

यात ब्रॉनविनचा काही दोष नाही, तिला कसं कळणार? या लोकांत भाऊ-बहीण वयात आले की एकमेकांसमोर पोट, बाळंतपण, अंगाचं काहीही बोलत नाहीत. टीव्हीवर नट-नटी जवळ आले तर खोलीत बहीण असलेला भाऊ पाणी प्यायला उठतो. माकासारखा सहा फुटी माणूस, चर्चच्या गायनात विहिरीतून आल्यासारखा खालचा सूर लावणारा, तो बहिणीच्या शेजारी बसून 'पोटात' हा शब्द ऐकून कानापर्यंत लाल झाला होता. त्याला काही ठाऊकही नव्हतं. बहिणीच्या बाळंतपणाच्या गोष्टी भावाच्या कानावर घालतच नाहीत.

ती शांतता आकानेसीला सहन होईना. कुणीतरी काहीतरी बोलायला हवं म्हणून तीच म्हणाली, "नाही. असं कुणी नाही." तिने कधी ऐकलं नव्हतं, म्हणून नाही.

"आणि तुम्हाला मुलं?" ब्रॉनविनने सुलिएतीला विचारलं.

"देवाने माझ्याकडे ठेवली नाहीत," सुलिएती म्हणाली.

ब्रॉनविनने सुलिएतीच्या गोलाखाली काही काढलं नाही. मग तिघांनी नळ्यांत लाळ दिली. माकाची नळी एका मिनिटात भरली, लोसाला चिंचेची गोळी दाखवावी लागली. सुलिएतीची लाळ कुणी मागितली नाही. आई, बाप आणि मूल, एवढंच हवं होतं.

जानेवारीचा पहिला आठवडा म्हणजे यांच्या चर्चमध्ये रोज सकाळ-संध्याकाळ प्रार्थना आणि रोज कुणा ना कुणाकडे जेवण. तोवर आकानेसीचं पोट कळायला लागलं होतं. त्यांच्या घरच्या जेवणाला चाळीस माणसं जमली होती. भाजलेलं डुक्कर कापून झालं, पाद्रीबुवांचं पान वाढून झालं, आणि सुलिएतीने हात पुसत सगळ्यांसमोर म्हटलं, "हे येणारं माझं. मी घेऊन जाणार."

माकाने मान डोलावली. दुसरं तो काय करणार होता? बायकांनी टाळ्या वाजवल्या. कुणीतरी म्हणालं, "नशीबवान बाळ!" आकानेसीने हसून सगळ्यांना कलिंगड वाढलं.

मुलं अशी दिली-घेतली जातात, त्यात कुणाला वावगं वाटत नाही. आकानेसीचा स्वतःचा धाकटा भाऊ काकीकडे वाढला आणि दोन्ही घरी जेवून ढेरपोट्या झाला. तिला तक्रार करायला जागाच नव्हती. पण सुलिएतीचं गाव टोंगातल्या हापाई बेटांपैकी एका लहान बेटावर. तिथे एक नर्स आणि आठवड्यातून दोनदा बोट. आणि आकानेसीने लोसा झाल्यापासून मनात धरलं होतं की पुढचं मूल अंगणात धावेल, आणि ती मागच्या दारात उभी राहून त्याच्यावर ओरडेल.

"नाही म्हण ना मग," मी तिला शेडमध्ये म्हटलं होतं.

"तुझ्या नणंदेला तू म्हणतेस का नाही?"

"मी म्हणते."

"म्हणून ती तुझ्याकडे येत नाही," आकानेसी म्हणाली आणि घड उचलला. "पाचशे चाळीस."

आता हे सगळं कळल्यावर तो फेब्रुवारीतला गुरुवार कळेल.

आदल्या दिवशी ब्रॉनविनचा व्हिडिओ कॉल होता. स्वयंपाकघरातल्या टेबलावर टॅब्लेट उभा केला होता, मागे साखरेच्या डब्याचा टेकू. ब्रॉनविन म्हणाली, लोसाच्या एका जनुकात एक अक्षर बदललेलं सापडलं आहे. फुप्फुसाचं ते तुळतुळीत बनवणाऱ्या जनुकातच. तोच बदल माकातही आहे.

"म्हणजे माझ्यामुळे," माका म्हणाला.

"तसं म्हणता येत नाही. तुम्ही ठणठणीत आहात."

"म्हणजे माझ्यामुळे नाही."

"तसंही म्हणता येत नाही. काही घरांत असा बदल असूनही माणूस ठणठणीत राहतो. आम्ही याला अनिश्चित अर्थाचा बदल म्हणतो."

"पण आहे की नाही?" माकाने विचारलं. "बदल आहे, आजार आहे, पण बदलाने आजार आहे की नाही?"

"ते आज सांगता येत नाही."

"उद्या येईल?"

ब्रॉनविन बिचारी पुन्हा पहिल्यापासून सुरू झाली. आकानेसीने पोटावर हात ठेवून विचारलं, "आणि याला?"

"हा बदल खरंच आजाराचं कारण असेल, तर बाळात तो येण्याची शक्यता निम्मी-निम्मी. आला तरी त्रास किती होईल हे सांगता येत नाही. आणि कारण नसेल, तर या चाचणीवरून बाळाबद्दल काहीच कळत नाही." मग ती म्हणाली, "माकांच्या बाजूला आणखी कुणाला फुप्फुसाचा त्रास असता, किंवा लहान बाळं गेली असती, तर आम्हाला थोडं पुढे जाता आलं असतं. पण तसं कुणी नाही म्हणालात."

सुलिएती तेव्हा बेसिनपाशी भांडी घासत होती. ब्रॉनविन पडद्यावरून गेल्यावर तिने नळ बंद केला. "म्हणजे काही निघालं नाही. इतक्या लांब नेऊन लाळ घेतली आणि सांगतात काय, तर माहीत नाही! ते मी इथे बसून सांगितलं असतं." ती लोसाकडे बघून म्हणाली, "आमच्या रक्तात काही नाही. जुलैत बाळ होऊ दे, नोव्हेंबरात माझा व्हिसा संपतो, मी त्याला घेऊन जाते."

हे आकानेसीने मला सांगितलं तेव्हा पट्ट्यावरून खोकी पुढे सरकत होती आणि तिच्या हातातला घड तसाच होता.

"मला काय हवं होतं, माहीत आहे?" ती म्हणाली. "हो म्हणायला हवं होतं त्यांनी. आजार घराण्यातला आहे, बाळालाही असू शकेल. मग ताई स्वतःच म्हणाल्या असत्या, इस्पितळाजवळ राहू दे. मला तोंड उघडावं लागलं नसतं. जानेवारीपासून मी चर्चमध्ये बसून हेच मागत होते. पोटातल्या बाळाला आजार असू दे म्हणून! कुठली आई असं मागते?"

मी तिच्या हातातला घड घेऊन काट्यावर ठेवला.

"आणि आता ते म्हणतात, माहीत नाही," ती म्हणाली. "त्यावर आनंद मानायचा की रडायचं, तेही कळत नाही. लोसासाठी रडायचं की याच्यासाठी, की मला हवं ते मिळालं नाही म्हणून?"

एप्रिलमध्ये हंगाम उतरला. एका रविवारी चर्चहून आल्यावर, भर दुपारी, लोसाचा श्वास अडकला. आकानेसी कपडे बदलत होती. बाहेर आली तर सुलिएतीने लोसाला मांडीवर उभी धरली होती, छाती आपल्या खांद्याला टेकवलेली, हनुवटी वर केलेली, एक हात बरगड्यांखाली. सर्दी-खोकल्याच्या मुलाला कुणी असं धरत नाही. लोसाच्या इस्पितळातल्या नर्सने आकानेसीला असं धरायला शिकवलं होतं, आणि तिला ते जमायला महिना लागला होता.

"यंत्र वाढव," सुलिएती म्हणाली. "बघतेस काय? गळ्याखाली खड्डा पडतोय, दिसत नाही? त्याच्यानंतर ओठ निळे होतात. अजून झाले नाहीत. वाढव."

आकानेसीने यंत्राचा काटा वाढवला. वीस मिनिटांनी लोसाचा श्वास उतरला. आकानेसी जमिनीवर बसली.

"ताई, तुम्ही हे आधी कुठे पाहिलंय?"

सुलिएतीने उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि मागच्या दारातून माका आत आला. "काय झालं?" सुलिएतीने तोंड मिटलं, लोसाच्या पाठीवरून हात फिरवला. "काही नाही. हिला भूक लागली आहे."

अकरा वर्षांच्या संसारात आकानेसीने नणंदेसमोर नवऱ्याला कधी हुकूम सोडला नव्हता. त्या दिवशी ती म्हणाली, "माका, बाहेर जा."

"का?"

"गाडी धू."

"कालच धुतली."

"परत धू. आणि रेडिओ लाव. मोठ्याने."

माकाने बहिणीकडे बघितलं. बहीण लोसाच्या केसांकडे बघत होती. तो गेला. रेडिओवर फुटबॉलचा सामना सुरू झाल्यावर सुलिएती बोलली.

दोन मुलगे. एक नऊ दिवसांचा होऊन गेला. दुसरा चार महिन्यांचा. दुसऱ्याला तिने रोज असंच खांद्यावर उभं धरून झोपवलं होतं, कारण आडवा ठेवला की निळा पडायचा. तेव्हा ती नवऱ्याच्या गावात होती आणि माका नऊ वर्षांचा, दुसऱ्या बेटावर. त्याला कुणी सांगितलं नाही, आणि मग सांगायची वेळ कधी आलीच नाही.

"मग काय झालं?" आकानेसीने विचारलं.

"काय होणार? मी सासूला म्हटलं, तुमच्या घरात दोष आहे. तुमच्या माणसांनी काहीतरी केलंय, म्हणून माझी मुलं जात आहेत. सगळ्यांसमोर म्हटलं. आणि निघून आले. माझ्या नवऱ्याने पुन्हा लग्न केलं. पाच मुलं झाली त्याला, सगळी धडधाकट." सुलिएतीने श्वास घेतला, तिचा स्वतःचा श्वासही चढला होता. "ती पाच मुलं बघूनही माझ्या डोक्यात आलं नाही. त्या दिवशी ती बाई म्हणाली, माकामध्ये आहे. माकामध्ये आहे, तर कुणाकडून आलं? आमच्या आईकडून नाहीतर बापाकडून. मग माझ्यातही असेल ना?"

"असेल किंवा नसेलही," आकानेसी म्हणाली. ब्रॉनविनचं वाक्य आपल्या तोंडून निघालं हे तिच्या लक्षात आलं.

"तू अगदी त्या बाईसारखी बोलायला लागलीस."

आकानेसीने लोसाच्या नाकातली नळी सरळ केली. मग आकानेसी म्हणाली, "हे तिला सांगायला हवं."

"सांगितलं की बाळ माझ्या हातून गेलं."

आकानेसीने मान खाली घातली. सुलिएती तिच्याकडे बघत राहिली आणि म्हणाली, "तुला काय वाटलं, मला कळत नाही? त्या दिवशी कलिंगड वाढताना तुझं तोंड बघितलं होतं मी. मिक्सर पण बघितलाय कपाटातला."

पुढच्या बुधवारी परत टेबलावर टॅब्लेट, साखरेच्या डब्याचा टेकू. माकाला आधीच मळ्यात पाठवलं होतं. सुलिएती चर्चचे कपडे घालून बसली होती, कमरेला त्यांच्यात मानाच्या प्रसंगी गुंडाळतात ती विणलेली चटई गुंडाळून. ब्रॉनविनने विचारलं आणि तिने सांगितलं, दोन मुलगे, त्यांची नावं, दिवस, रंग, आणि आपल्या छातीचंसुद्धा. ब्रॉनविनच्या हातातल्या पेन्सिलीचा आवाज येत होता. ती म्हणाली, "हे सांगणं सोपं नव्हतं. मी तुमची आभारी आहे." सुलिएती म्हणाली, "आभार राहू दे. याने नक्की काय ते कळेल ना?"

"थोडं जास्त कळेल."

"थोडं," सुलिएती आकानेसीकडे वळून म्हणाली. "इतकी वर्षं पोटात ठेवलेलं काढून दिलं, आणि ही म्हणते थोडं."

लाळेची नळी टपालाने आली. अर्धा तास आधी काही खायचं-प्यायचं नाही. सुलिएतीचं तोंड इतकं कोरडं पडलं की तळाशी नुसता फेस जमला. "माकाची एका मिनिटात भरली होती," आकानेसी म्हणाली. "त्याचं तोंड पहिल्यापासूनच गळकं," सुलिएती म्हणाली, आणि मग दोघींना हसू आलं. "कच्चा आंबा आठवा ताई, मीठ लावलेला." सुलिएतीने डोळे मिटले. रेषेपर्यंत भरायला पाऊण तास लागला.

जून अखेरीला ब्रॉनविनचा फोन आला. सुलिएतीत तोच बदल होता. शिवाय प्रयोगशाळेला दुसऱ्या एका देशातल्या एका घरात हाच बदल आणि हाच आजार सापडला होता. आता तो अनिश्चित राहिला नव्हता. "बहुधा कारण" असं त्याचं नवं नाव. आकानेसीने विचारलं, "बहुधा म्हणजे किती?" ब्रॉनविन म्हणाली, दहापैकी नऊहून जास्त खात्री. सुलिएतीला मेलबर्नच्या मोठ्यांच्या इस्पितळात छाती दाखवायची चिठ्ठीही मिळाली.

माकाला बायकोने एवढंच सांगितलं की ताईंनी लाळ दिली आणि त्यांच्यातही निघालं. त्याने आणखी काही विचारलं नाही. दोन दिवसांनी तो बहिणीच्या खाटेच्या डोक्याकडची बाजू विटांवर उंच करून गेला, कारण तिला आडवं पडलं की दम लागायचा.

सुलिएतीने त्या रात्रीच्या जेवणाला जाहीर केलं, "बाळ इथेच राहील. माझंच आहे, पण राहील इथे." नोव्हेंबरात ती एकटी परत जाणार होती, आणि आपल्या गावी जायच्या आधी नवऱ्याच्या गावी. सासू अजून जिवंत होती, नव्वदीची. "तिला काय सांगणार?" आकानेसीने विचारलं. "बोटीत ठरवीन," सुलिएती म्हणाली.

म्हणजे आकानेसीने मागितलं होतं ते सगळं तिला मिळालं. मी तिला तसं म्हटलंही, खुळ्यासारखं. ती म्हणाली, "हो ना. आता ते कुणाला परत करायचं, ते सांग."

मुलगा जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात झाला, मेलबर्नलाच, सगळी तयारी ठेवून. साडेतीन किलोचा. रडला तो इतका की सुईण म्हणाली, फुप्फुसं तर जोरात आहेत. या वाक्यावर खोलीत कुणी हसलं नाही, आणि सुईणीला आपलं काय चुकलं ते कळलं नाही. नाव अर्थातच सुलिएतीने ठेवलं, सिओएली.

तो तीन आठवड्यांचा असताना ब्रॉनविनने फोन केला. मी त्या दिवशी त्यांच्या घरी डबा घेऊन गेले होते, म्हणून हे ऐकलेलं आहे. फोन टेबलावर, सगळ्यांना ऐकू येईल असा. ब्रॉनविन म्हणाली, आता बाळाची चाचणी करता येईल. एकच अक्षर बघायचं, लवकर कळेल. बदल नसेल तर काळजी मिटली. असेल तर आजार होईलच असं नाही, पण लक्ष ठेवता येईल. करायची की नाही, हे तुम्ही ठरवा.

माका म्हणाला, "ताईला विचारा."

सुलिएती लोसाला कुस्करलेलं रताळं भरवत होती. तिने चमचा वाटीत ठेवला. "मला काय विचारता? मी मुलं पुरली, तेव्हा मला काही माहीत नव्हतं. माहीत असतं तर बरं झालं असतं की वाईट, ते अजून मला कळलेलं नाही. त्याच्या आईला विचारा."

सगळे आकानेसीकडे बघायला लागले. तिच्या मांडीवर सिओएली झोपला होता. तान्ह्या बाळांचा श्वास तसाही धावतोच, मध्येच थांबतो, पुन्हा धावतो. तिने त्याच्या अंगावरचं दुपटं बाजूला करून गळ्याखाली बघितलं. मग परत झाकलं. परत बघितलं.

"आकानेसी?" फोनमधून ब्रॉनविन म्हणाली. "ऐकू येतंय ना?"

"येतंय," आकानेसी म्हणाली. "मला दोन दिवस द्या."

"हवे तेवढे घ्या."

फोन बंद झाल्यावर सुलिएतीने विचारलं, "दोन दिवसांत काय होणार आहे?"

"काही नाही होणार, ताई. दोन दिवस जातील," आकानेसी म्हणाली, आणि त्याला आंघोळ घालायला पाणी गरम झालं का ते बघायला उठली.